दहाव्यानंतरचा बाप

नेरच्या बाजारात अक्षय हमाली करतो. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर पाठीवर पोतं. संध्याकाळी घरी आला की आधी मानेवरचा भुसा धुवायचा, मग चार महिन्यांच्या गौरीला घ्यायचं. आई अर्पिता तिला दुधापुरती. खेळायला, झोपायला बापच लागे. दारात त्याचं डोकं दिसलं की ती पाय झाडायची. तेवढ्यावर त्याचा शीण उतरे.

कार्तिकात त्याचे वडील घनश्याम गेले. अक्षय एकुलता. दहाव्याला नदीवर न्हाव्याने त्याचं डोकं आणि मिशी उतरवली. घरी येऊन त्याने गौरीला उचललं. तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं, त्याच्याही वर पाहिलं, ओठ काढला आणि टाहो फोडला.

"सुतकाची हवा लागली पोरीले," विमलआत्या म्हणाली. ती घनश्यामची बहीण. "मीठमोहऱ्या उतरून टाक, अर्पिता."

अर्पिताने त्या उतरून चुलीत टाकल्या. गौरी रडतच राहिली.

"हवा नाही न काही नाही, आत्याबाई. तिले केसं न मिशी ठाव हायेत. मधातला माणूस ठाव नाही अजून," अर्पिता म्हणाली.

"म्हंजे मी नुसती मिशीच होतो काय?" अक्षय म्हणाला.

आत्या हसली. तो हसला नाही.

त्याने डोक्याला दुपट्टा बांधून पाहिला. ती अजूनच रडली. मग तो अर्पिताच्या पाठीमागे बसून बोलला, "गवरे, कुठं हायेस वं?" आवाजासरशी गौरीची मान वळली, पाय झाडले गेले. तो पुढे सरकला. पाय थांबले.

बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता. लाकडं रचायची होती, नातेवाइकांना कळवायचं होतं. आता तो मोरीत जाऊन रडला.

पुढे रोज तो मागूनच बोलायचा. डोक्यावर खुंट आले, मिशीची रेघ आली. पौषात एका संध्याकाळी तो समोर आला, तरी गौरी रडली नाही. आल्यागेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत राहिली, आणि आत्याकडे झेपावली.

"रडली तं नाही," आत्या म्हणाली.

अर्ध्या वाटेत पोतं पाठीवरून खाली आलं, की पुन्हा उचलायला पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो. तिथं हात लावायला कोणी नसतं. अक्षयने हातपाय धुतले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. मागे नाही, समोर.

"गवरे," तो म्हणाला.

ती त्याच्या कपाळाच्या वर पाहत होती.