आप्पांचा हात आणि नवा गिअरबॉक्स

आमच्या जीपला तीनच गिअर होते आणि त्यांच्या जागा आजच्या गाड्यांसारख्या नव्हत्या. पहिला टाकायचा तर दांडी डावीकडं घेऊन स्वतःकडं ओढायची. डावीकडं वर, जिथं आजकाल पहिला असतो, तिथं तिचा रिव्हर्स होता. मी सहा-सात वर्षांची असताना वडिलांच्या शेजारी बसून विचारलं होतं, की गाडी मागं न्यायची तर तुम्ही हात पुढं का ढकलता. आप्पा हसले आणि म्हणाले, “मागं यायचं असलं तर आदी हात पुढं करावा लागतोय, बाई.”

हे मला ठाऊक होतं, एवढं आधीच सांगून ठेवते. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आप्पा आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते. लसीच्या पेट्या, नर्सबाई, कधी अडलेली बाळंतीण, असं सगळं त्यांनी त्या जीपमधून उमरगा तालुक्याच्या गावागावांत नेलं. खात्यानं जीप लिलावात काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली. आई म्हणाली, लोक लिलावात पत्रे घेतात, तुम्ही डोक्याला ताप घेतलात. पण पौर्णिमेला विहारात म्हाताऱ्या बायकांना नेताना पुढच्या सीटवर तीच ऐटीत बसायची. गाडी रिव्हर्स घ्यायची असली की खाली उतरून मागं उभी राहायची, “या, या, मागं मोकळं हाय” म्हणायची आणि पुरे झालं की मागच्या फाळक्यावर दोन थापा मारायची. आप्पांनी आरशात कधी पाहिलंच नाही. त्यांचा भरवसा त्या दोन थापांवर होता.

सत्तरी ओलांडल्यावर आप्पा विसरायला लागले. आधी लोकांची नावं गेली, मग गावांची. एकदा जळकोटहून एसटीनं परत यायचं, तर भलत्याच फाट्यावर उतरून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हे आता वाढतच जाणार. मात्र हातांना जे येतंय ते करू द्या, हाताची आठवण उशिरा जाते. म्हणून आम्ही ठरवलं, की रोज चार वाजता आप्पांनी जीप शेडमधून काढायची आणि शेतातल्या विहिरीपर्यंत जाऊन यायचं. वाट आमचीच, हायवेचा संबंध नाही, शेजारी मी किंवा आई. तेवढ्या अर्ध्या तासात ते एकदाही चुकायचे नाहीत. विहिरीजवळ इंजिन बंद करून कधी कधी मला नावानं हाक मारायचे. त्या हाकेसाठी मी उमरग्याहून रोज धावत घरी यायची.

आणि एक दिवस त्याच वाटेवर गिअरबॉक्स फुटला. आतले दाते गेले आणि बाहेरच्या कवचालाही तडा गेला. पाचव्या दिवशी आप्पा बंद जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसलेले दिसले. मी जवळ गेले तर अदबीनं म्हणाले, “तुमी कुणाच्या?” आप्पांनी मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

मग मला दम धरवेना. मी उमरग्याच्या आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकवते. मापाशिवाय माझं पान हलत नाही आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या वर्गातली पोरं तुम्हाला सांगतील. पंधरा दिवस मी उमरग्याच्या हायवेवरची भंगाराची दुकानं पालथी घातली, सोलापूरला गेले, हद्द ओलांडून कर्नाटकातही जाऊन आले. तसा तीन गिअरचा बॉक्स कुठंच मिळेना. शेवटी हायवेवरच्या एका गॅरेजमधले म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी सुचवलं, की नंतरच्या मॉडेलचा चार गिअरचा बॉक्स बसवून टाकू. त्यांच्याकडं तसा एक होता.

सुचवणं सोपं, पण एक बदललं की त्याच्या शेजारचंही बदलावं लागतं. नव्या बॉक्सच्या शाफ्टवरचे दाते जुन्या क्लचप्लेटला जुळेनात, म्हणून प्लेट बदलली. शाफ्टचं टोक इंजिनच्या चाकातल्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, सैल बसत होतं, म्हणून नवा बुश मी स्वतः लेथवर काढला. बोल्टची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये जाड पत्र्याची चकती करून घेतली. नवा बॉक्स लांबीला जास्त, म्हणून चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून तेवढाच आखूड केला आणि गाडी थरथरू नये म्हणून बॅलन्सही करून आणला. प्रत्येक माप मी दोनदा घेतलं. चाचा नुसते माझ्याकडं बघत राहायचे.

त्यातच एका दुपारी त्यांनी विचारलं, “बेटी, गाडी चालवणार कोण?”

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले आहे. लेथ कोण चालवणार, ट्रॅक्टर कोण चालवणार, मोटारसायकल कोणाची. बाईनं हात लावला, की पुरुषांना हाच प्रश्न सुचतो. माझं टाळकं सटकलं. मी म्हणाले, “मीच चालवणार. का, बाईला चालवता येत न्हाय का?” चाचा परत पान्याकडं वळले. त्या उत्तराचा मला दिवसभर अभिमान वाटला होता.

शेवटी मी एक लाडाची गोष्ट केली. नव्या दांडीवर प्लॅस्टिकची मूठ होती आणि गिअरच्या जागा तिच्यावर पांढऱ्या रेषांनी काढलेल्या होत्या. ती मी काढून टाकली. आप्पांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेली जुनी काळी मूठ तिथं बसवायची होती. तिचे आटे नव्या दांडीला बसत नव्हते, म्हणून आतून पितळी बुश करून ती अगदी पहिल्यासारखी घट्ट केली. आप्पांना हाताला ओळखीचं लागावं, एवढाच माझा विचार होता.

जीप मीच घरी आणली आणि नेहमीसारखी तोंड भिंतीकडं करून शेडमध्ये लावली. आप्पांनी ती कधी कुणाच्या हातात दिली नव्हती, त्यामुळं मी गाडी शिकले ती नव्या गाड्यांवर. माझा हात आपोआप नव्या जागी जात होता आणि माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुठीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडं वळून म्हणाले, “आली व्हय घरी?” आई नेहमीप्रमाणं मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “या, या, मागं मोकळं हाय.” आप्पांनी दांडी डावीकडं घेतली, हात पुढं केला आणि क्लच सोडला.

जीप पुढं गेली. समोरची भिंत वीतभर आत गेली, काच तडकली, माझं कपाळ पुढं आपटलं. आई मागं होती म्हणून वाचली. आप्पांना काही लागलं नव्हतं. ते मुठीवरच्या आपल्या हाताकडं बघत होते.

त्याच क्षणी मला सगळं कळलं. त्यांच्या रिव्हर्सच्या जागी या बॉक्सचा पहिला होता. घर झाडून काढलं आणि मुसळ केरात, तसं झालं होतं. बुश जुळवला, प्लेट जुळवली, शाफ्ट जुळवला, आणि ज्या एका हातासाठी हे चाललं होतं त्याला काय जुळतंय हे पाहायचं राहिलं. मी रडत रडत सांगितलं, की आप्पा, तुमचं चुकलं नाही, तुम्ही बरोबर टाकला, गिअरच मी उलटे बसवलेत. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या कपाळावरचं रक्त शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाले, “असू दे बाई. हात ऱ्हायला हुता, त्यो बी गेला आता.” किल्ली काढून त्यांनी आईच्या हातात दिली. मी ते कितीदा तरी सांगितलं, पण दहा मिनिटांनी माझं सांगणं ते विसरायचे आणि आपण भिंतीला धडकलो एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं.

मी चाचांकडं गेले. त्यांनी मला बोल लावला नाही. “म्हणून तर विचारलं होतं, कोण चालवणार. हात जुना असंल तर सांगणार होतो, बेटी,” एवढंच म्हणाले. माझा जुना बॉक्स तोवर वितळायला गेला होता. जागा अडते म्हणून मीच तो भंगारात टाकायला लावला होता. चाचांनी चौकशा करून सात महिन्यांनी तसाच दुसरा मिळवला, पण तोवर आप्पांनी अंथरूण धरलं होतं. तो बॉक्स गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये तसाच पडला आहे.

शेवटच्या आठवड्यात आप्पा बोलायचे बंद झाले होते. मी बाजेच्या डाव्या अंगाला त्यांचा हात धरून बसायची. एका दुपारी त्यांच्या बोटांनी माझी मूठ वरून धरली, डावीकडं नेली आणि पुढं ढकलली. मग ते थांबले. मला वाटलं, हात सोड म्हणताहेत. मी सोडवायला लागले, तर त्यांनी परत तेच केलं, डावीकडं आणि पुढं, आणि परत थांबले.

आई पायथ्याशी बसली होती. तिला कळलं. ती पदर खोचून उठली, बाजेच्या मागं, उशाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “या, या. मागं मोकळं हाय.”

आप्पांचा हात सैल पडेपर्यंत ती तसंच म्हणत राहिली. मग तिनं बाजेच्या लाकडी गातावर दोन थापा मारल्या.