डाव्या कोपऱ्यातली सात वर्षं

सोनईच्या गनीभाईंचा फरदीन विसाव्या वर्षी व्यावसायिक कबड्डीत उतरला. संघानं त्याला घेतलं ते राखीव गडी म्हणून, आणि पहिला हंगाम त्यानं बाकावरच काढला. गनीभाई सायकलच्या दुकानाला कुलूप लावून पुण्याला सामना बघायला गेले, तर पोरगा टॉवेल अन् पाण्याच्या बाटल्या देताना दिसला. निघताना ते एवढंच म्हणाले, "कपडे मात्र झकास दिलेत तुला."

पुढच्या हंगामात डाव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूचा खांदा निखळला आणि फरदीनला बोलावणं आलं. बचावाचे गडी जोडीनं हात धरून उभे राहतात. फरदीनच्या जोडीला आला भागवत, पाथर्डीकडचा, वयानं मोठा, बोलायला तुटक.

"मी बोटं दाबली की घोट्याला जायचं," तो म्हणाला. "तवर गप ऱ्हायचं."

गप राहणंच फरदीनला जमेना. समोरच्याचा पाय जरा जवळ आला की हा सूर मारायचा आणि चढाईपटू त्याच्या अंगावरून उडी मारून पसार. एका सामन्यात तर त्याच्या घाईनं सगळा संघ बाद होऊन लोण चढला. त्या संध्याकाळी तो खोलीत तोंड फिरवून पडून राहिला. भागवतनं ताट आणून पुढ्यात ठेवलं.

"जेव. पुन्यांदा चान्स मिळंल का न्हाई, ह्या भीतीनं तू घाई करतोस. उद्या बी तूच खेळनार हाय. कोच सरांशी बोलून आलोय मी."

फरदीन उठून जेवला. दुसऱ्या दिवशी तो बोटं दाबेपर्यंत थांबला आणि त्याला पहिली पकड मिळाली.

मग वर्षं भराभर गेली. डाव्या बाजूनं चढाई करायला भले भले कचरू लागले. मध्येच दुसऱ्या एका संघानं त्याला कर्णधारपद देऊ केलं. फरदीननं घरी विचारलं. अम्मी, म्हणजे बानू, भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं तुझा हात कोण धरील?" तो हसला आणि आहे तिथंच राहिला.

सातव्या हंगामात भागवतचा गुडघा गेला. संघानं त्याला मदतनीस प्रशिक्षक केलं आणि त्याच्या जागी हरियाणाचा नवा गडी आला. आता बोटं कधी दाबायची, हे फरदीन त्याला शिकवू लागला. त्याच वर्षी उपांत्य सामन्यात समोरच्या संघाची शेवटची चढाई उरली, फरदीनचा संघ एका गुणानं पुढं. प्रेक्षक ओरडत होते, "धर! धर!" पाय अगदी हाताशी आला. फरदीननं नव्या गड्याला मागं ओढलं आणि स्वतःही एक पाऊल मागं सरला. चढाईपटू रिकाम्या हातानं परतला. सामना जिंकला. अंतिम सामना मात्र ते सडकून हरले.

आणखी एक हंगाम खेळून फरदीन आपणहून थांबला. आता तो बायको अफ्रीनबरोबर नगरच्या सावेडीत राहतो आणि रोज संध्याकाळी सोनईच्या मैदानावर पोरापोरींना पकडी शिकवतो. ईदला भागवत येतोच. शीरखुर्म्याची दुसरी वाटी हातात घेऊन यंदा त्यानं विचारलं, "खरं सांग, त्या उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला मागं सरलास का पाय घसरला?"

"सरलो."

"टीव्हीवर तर घसरल्यासारखं दिसलं हुतं."

"मग टीव्हीलाच विचार," फरदीन म्हणाला आणि त्यानं भागवतच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.