साहेबांचं नेट कोण खातं?

“घरात माणसं दोन आणि राउटरवर फोन डझनभर! दत्ता, ही चोरी आहे, चोरी!” परांजपे साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नकळत स्वतःचे खिसे चाचपले.

साहेब पुण्याहून बदलून आलेले, सरकारी कंपनीतले अधिकारी. कोलकात्यात दमदमला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. मी विट्याकडचा. नववीत शाळा सोडून मामाबरोबर गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, कोलकात्याला आलो. भट्टीचा धूर छातीला सोसेना. साने काकांनी आपल्या नेटवर्किंगच्या दुकानात आधी वायर ओढायला ठेवलं, मग काम शिकवलं. आज खातो तो घास त्यांचा. सगळ्या क्वार्टर्सचं काम काकांना मिळायचं होतं आणि ते परांजपे साहेबांच्या एका शब्दावर अडलं होतं. निघताना काका म्हणाले, “साहेब म्हणतील ते कर. तोंड उघडू नकोस. काम गेलं तर मी तुलाही ठेवू शकणार नाही.”

मी तोंड बंद ठेवून लॅपटॉप उघडला.

राउटरला दोन कुलपं असतात. वायफायचा पासवर्ड नेट वापरायला. अॅडमिन पासवर्ड राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला. साहेबांचा अॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. वायफायचा होता त्यांचं आडनाव, पुढे एक-दोन-तीन. ऑफिसात साहेबांकडे सिक्युरिटी विभाग आहे, म्हणे.

“दोन्ही बदल. असे ठेव, की मलासुद्धा आठवता कामा नयेत.”

मी तसे ठेवले.

“आता तडफडू देत चोर,” साहेब सोफ्यावर रेलले.

चोर तडफडले नाहीत. त्यांनी बेल वाजवली.

पहिल्या आल्या शेजारच्या मावशी, इथल्या भाषेत माशीमा, हातात पायेशची, म्हणजे खिरीची, झाकलेली वाटी. “बौदी, नेट केनो बंद? हमारा सीरियल आधा रह गया!” बौदी म्हणजे आमच्या परांजपे वहिनी. त्यांनी मुकाट्यानं वाटी घेतली. मग खालचा इस्त्रीवाला आला. मग पूजा कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचा आवाज तर वर्गणी मागताना असतो तसा हक्काचा. “दादा, ऐसे नहीं चलेगा। हमारा मीटिंग चल रहा था।”

सगळ्यांना वाटेला लावून साहेब वहिनींकडे वळले. “तू दिलास पासवर्ड?”

“दिला,” वहिनी म्हणाल्या. “मला ताप भरला तेव्हा डॉक्टरकडे माशीमांनी नेलं. सिलिंडर वर इस्त्रीवाला चढवतो. तुम्ही चढवता?”

“म्हणून घर उघडं टाकायचं? दत्ता, नवा पासवर्ड या दाराबाहेर गेला, तर सानेंना फोन करून तुझं काम बंद करीन. कुणालाही द्यायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही!”

तेवढ्यात पुन्हा बेल.

दारात वरच्या मजल्यावरचे मुखर्जी साहेब. म्हणजे आमच्या साहेबांचे साहेब.

“परांजपे, नेट को क्या हुआ? बेटे का गेम अटक गया।”

रेललेला माणूस इतक्या चटकन उभा राहू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. “सर, इस लड़के ने कुछ कर दिया, सर। नया है। दत्ता, सरांना पासवर्ड लिहून दे. नीट अक्षरात!”

मी शाळेतही काढलं नव्हतं असं अक्षर काढलं.

मुखर्जी साहेब गेले. वहिनींनी पायेशचा एक चमचा तोंडात घातला आणि नवऱ्याकडे बघत सावकाश संपवला. “मग माशीमांनीच काय घोडं मारलंय?”

मी चाचरत म्हणालो, “गेस्ट नेटवर्क करता येईल, सर.” म्हणजे त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. घराला ओसरी असते ना, तसं. पाहुणा ओसरीवर बसेल, माजघरात येणार नाही.

“कर. पण स्पीड कमी ठेव त्यांचा.”

ठेवला. वहिनींनी लगेच ओसरीचा पासवर्ड सगळ्यांना कळवला. निघण्यापूर्वी मी राउटरवर बघितलं, कोण किती नेट ओढतंय ते. ओसरीवरची सगळी मंडळी मिळून चिमूटभर. बाकी सगळं एकच फोन गिळत होता, मुखर्जी साहेबांच्या चिरंजीवांचा.

मी स्क्रीन साहेबांपुढे धरली. “सर, चोर म्हणाल तर हा. याचाही स्पीड कमी करू? एक क्लिक आहे.”

साहेबांनी पुढे वाकून स्वतःच्या हातानं माझा लॅपटॉप मिटला.

“काम उत्तम झालंय. सानेंना तसं कळवतो.”

आणि कळवलं, खोटं कशाला बोलू? काकांना सगळ्या क्वार्टर्सची ऑर्डर मिळाली, मी कामावर राहिलो. परांजपे साहेबांचं नेट आजही रडतखडत चालतं. तक्रार मात्र पुन्हा आलेली नाही. परवा जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं. “फर्स्ट क्लास!” म्हणाले, आणि फोनवर अर्धवट अडकलेल्या व्हिडिओकडे बघत राहिले.

राउटरमध्ये फोन अडवता येतो, साइट अडवता येते, ठरावीक वेळी नेट बंद करता येतं. सगळं मी शिकलोय. पण हल्ली क्वार्टर्समध्ये कुणी पासवर्ड बदलायला बोलावलं, की लॅपटॉप उघडण्याआधी मी एवढंच विचारतो, “साहेब, तुमचे साहेब कुठल्या मजल्यावर राहतात?”