भागाबाईकडे न जेवलेला देव

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये नाताळच्या नाटकातला देव दरवर्षी भागाबाई लिहायची. नवरा गेला, गुडघे धरले, पण हे काम तिनं कुणाच्या हाती दिलं नाही. तिचा देव ढगावर बसायचा, गरजायचा, पापी माणसाला नावानिशी हाक मारायचा. खाली मात्र उतरायचा नाही. "उतरला की लोक डोक्यावर बसतात," असं ती सांगायची, जसा काही देव तिचा धाकटा दीरच.

यंदा धुळ्याहून लग्न होऊन आलेल्या सुलक्षणानं नाटक लिहिलं आणि पाळकसाहेबांनी तेच घेतलं. त्यात देव शेतातल्या भरीत-पार्टीला येतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली. देव मांडी घालून ती सोलायला बसतो, बोटं पोळली की फुंकर मारतो आणि चक्क अहिराणीत म्हणतो, "माले भूक लागनी शे."

वाचन ऐकून बाया हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. भागाबाईच्या पोटात मात्र वांग्याआधीच जाळ पेटला.

"देवाची बोटं पोळतात होय गं?"

"हाताला खिळे ठोकलेले चालले ना अक्का, मग वांग्यानं काय घोडं मारलंय?"

भागाबाई चहा न घेताच घरी आली.

वर पाळकसाहेब म्हणाले, आवाज भारदस्त आहे, देव तुम्हीच करा. दुसरीच्या देवाचं तोंड मी का व्हायचं, असं पुटपुटत ती तालमीला गेली. न जाऊन सांगते कुणाला? देव सुमनबाईला मिळाला असता, आणि सुमनबाईला तर मंगळसूत्र हरवल्यावरही हसू यायचं.

तालमीत ती वांगी सोलायची आणि आतून जळायची. एका दुपारी घरी एकटीचं ताट वाढून घेताना तिला उमगलं, सल नाटकाचा नव्हताच. इतकी वर्षं देवाला बोलायला लावलं, पण एकदाही या म्हणून पाट मांडला नाही. आणि ही कालची पोर, हिच्याकडे तो भाकरी मोडतो.

नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात खरा जाळ, खरी वांगी. शेतकरीण झालेली सुलक्षणा भाकरीची टोपली घेऊन पुढं आली. "देवा, अजून वाढू?"

देवानं "पोट भरनं" म्हणायचं, असं ठरलेलं होतं. भागाबाईनं बोटांवर फुंकर मारली.

"ऱ्हाऊ दे. माले भागाबाईकडे जेवाले जानं शे."

अंगण हसलं. सुलक्षणा टोपली काखेला लावून म्हणाली, "मंग मी बी येस."

"ते तिले इचार पयले," देव म्हणाला.