हिसका मास्तर

हिसका मास्तर वर्गात आले की हजेरी घेण्याआधी खिडकीच्या गजाला दोर बांधत. साधा, विहिरीवर असतो तसला काथ्याचा दोर, मधोमध लाल चिंधीची गाठ मारलेला. दुसरं टोक हातात धरून ते दारापर्यंत मागे जात आणि मनगटानं एकच हिसका देत. दोराला एक उंचवटा यायचा, तो सरसरत गजापर्यंत जायचा आणि गजावर आपटून, उलटा होऊन, परत त्यांच्या हाताशी यायचा.

"चिंधी कुठं गेली?" ते विचारत.

"कुठंच नाही, सर," मुलं एका सुरात म्हणत.

"मग गेलं काय?"

"हिसका."

एवढं झालं की ते दोर गुंडाळून हजेरीला बसत. वर्ग खालचा असो की मॅट्रिकचा, त्या दिवशीचा धडा उष्णतेचा असो की चुंबकाचा, या क्रमात कधी बदल झाला नाही. त्यांना खऱ्या आडनावानं हाक मारणारी माणसं साताऱ्यात फारशी नव्हती.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा युद्ध चालू होतं. रॉकेलला रांगा होत्या, वह्यांना कागद मिळत नव्हता आणि मी चोवीस वर्षांचा होतो, अजून नोकरीत कायम झालेलो नव्हतो. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली. ते मला माझ्या विषयाच्या नावानं हाक मारत. "अहो मराठी, लाटेला तुमच्यात किती शब्द आहेत?" असं पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. मी तरंग, लहर, ऊर्मी, वीचि असे मोजून दाखवले. ते म्हणाले, "इतके शब्द केलेत, पण त्यातल्या एकानंही सांगितलं नाही की पाणी जात नाही म्हणून."

ते जतकडचे. वडील मेंढरं राखत. त्या कोरड्या मुलखातून शिष्यवृत्तीवर शिकत शिकत ते सांगलीच्या कॉलेजात पोचले आणि कृष्णेचं भरलं पात्र त्यांनी तिथं पहिल्यांदा पाहिलं. समुद्र तर त्यांनी कधीच पाहिला नव्हता. लाटा शिकवणाऱ्या माणसानं समुद्र पाहिलेला नाही, याची मी एकदा थट्टा केली. खुशीत असले की त्यांची घरची बोली वर यायची, तशी ती आली.

"आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई गड्या, तितं समुद्र कुठला आणायचा? पर जोंधळा हाय न्हवं. कणसं भरली आन् वारं सुटलं की ह्या बांधावरनं त्या बांधाला लाट जाती. मेंढरामागं उभा राहून मी बघत हुतो. कणीस मुळावर उभंच आसतं, लाट मातुर शिवार वलांडून जाती. समुद्रात काय याहून येगळं आसणार हाय?"

शाळेच्या प्रयोगशाळेत एक कपाट आणि दोन तराजू, याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं. मास्तर घरून पितळेची परात आणत, तिच्यात बोटभर पाणी घालून उन्हाच्या कवडशात ठेवत आणि मुलांना परातीकडे नाही, छताकडे बघायला सांगत. पाण्याला बोट लावलं की छतावर उजेडाची वर्तुळं पसरत. दोन्ही हातांची दोन बोटं लावली की दोन वर्तुळं एकमेकांत शिरत, छतावर जाळी उमटे, आणि त्या जाळीत काही रेघा अगदी स्वस्थ राहत. "दोन लाटा भेटल्या म्हणजे दर खेपेला मोठी लाट होते असं नाही," ते सांगत. "एक वर ओढते, दुसरी खाली ओढते, मधलं पाणी बिचारं जागच्या जागी. आणि भेट संपली की दोघी आपापल्या वाटेनं जातात, जशा आल्या तशाच." हा प्रयोग बघायला मी माझा तास सोडून जात असे. एकदा शिक्षकांच्या खोलीत गणिताचे आणि संस्कृतचे मास्तर हमरीतुमरीवर आले, तर हे दोघांच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तिथं बसून भाजलेले शेंगदाणे खाऊ लागले. "मधली रेघ बघतोय," मला म्हणाले. भांडण तिथंच विझलं.

त्यांच्या शिकवण्याच्या काही रीती जगावेगळ्या होत्या. नादकाटा टेबलावर आपटून ते कानाशी धरत नसत, त्याचं टोक दातांत धरत. मुलांनाही तसंच करायला लावत. "हाडातून हिसका कसा जातो बघा," म्हणत. कुणी उत्तर द्यायला उभा राहिला की ते समोर येऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. त्यामुळे एकही मुलगा पुटपुटत नसे. प्रतिध्वनी शिकवायला ते वर्ग घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी जात. एक मुलगा हलगीवर टिपरू मारी, बाकीच्यांनी आवाज कड्यावर आपटून परत आला की हात वर करायचा. मास्तर घड्याळ घेऊन हातांकडे बघत उभे. त्यावरून आवाजाचा वेग काढायचा. शिस्तीचं केवढं हे कौतुक, असं मला वाटे. मलाही काही कळलं नव्हतं.

त्यांच्या घरी चहाला जाऊ लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वहिनी त्यांना हाक मारत नसत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन तिथल्या लाकडी फळीवर टाच दोनदा आपटत. मास्तर लगेच मान वळवत. मी विचारलं तेव्हा वहिनी हसल्या. "आवं, त्येंचं ध्यान कुटं आसतं? हाक मारून घसा बसवण्यापरीस ह्ये बरं."

एका दुपारी आम्ही दोघं उताराच्या गल्लीनं शाळेकडे चाललो होतो. मागून गुळाच्या ढेपा भरलेली गाडी आली. उतारावर बैल आवरेनात, गाडीवान जिवाच्या आकांतानं ओरडत होता, बैलांच्या घुंगुरमाळा वाजत होत्या. मी बाजूला झालो. मास्तर रस्त्याच्या मधून तसेच शांतपणे चालत राहिले. मी त्यांचा दंड धरून ओढलं आणि गाडीचं चाक त्यांच्या धोतराच्या सोग्यावरून गेलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "ओरडत होता का तो?"

जवळच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्यांनी मला सगळं सांगितलं, वर्गात सांगत तसंच, एकामागून एक. "बारीक आवाज म्हणजे भराभर येणारे हिसके. ते आधी गेले. एका उन्हाळ्यात चिमण्या वाजेनाशा झाल्या. मग सायकलच्या घंट्या. तुमच्यासारखे जाड आवाज जवळून बोलले तर अजून पोचतात, ते सावकाश येतात ना. माझ्या मुलीचा आवाज मात्र गेल्या दिवाळीपासून येत नाही. ती बोलते, मी तोंडाकडं बघून समजून घेतो. कसा होता तो आठवतो, म्हणून ऐकू आल्यासारखं वाटतं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कुणाला सांगू नका, मराठी. माझं शिकवणं अडलेलं नाही. अडेल त्या दिवशी मीच जाऊन सांगीन."

मी वचन दिलं. त्यांना ते नीट दिसावं म्हणून तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा सुटा करून दिलं.

ते मी सात-आठ महिने पाळलं. मग तपासणी आली. तपासणीचे साहेब कुणाला न सांगता मागच्या दारानं वर्गात शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले. मास्तर फळ्यावर आकृती काढत होते. साहेबांनी पाठीमागून प्रश्न विचारला. उत्तर नाही. पुन्हा विचारला. मास्तर आकृतीला अक्षरं देत राहिले. तिसऱ्यांदा साहेबांनी आवाज चढवला तेव्हा मास्तर खडू बदलायला वळले आणि मुलांच्या नजरा मागे लागलेल्या बघून, तिकडे नमस्कार करून म्हणाले, "या, बसा." वर्गात कुणीतरी हसलं. साहेब उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते. "उद्धट म्हणून शेरा गेला तर शाळेचं अनुदान आणि त्यांची नोकरी, दोन्ही धोक्यात. तुम्ही त्यांच्या जवळचे. खरा प्रकार काय आहे?"

मी सांगितलं. उद्धटपणाचा कलंक तरी जाईल म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावत आलो, आणि ते खोटं नाही. पण माझ्या कायम होण्याचा कागद हेडमास्तरांच्या सहीसाठी त्यांच्यासमोर पडला होता आणि माझी नजर दोनदा त्याच्याकडे गेली होती, हेही खोटं नाही. "मला तासाभराची सवड द्या, त्यांना विचारून येतो," एवढं म्हणता आलं असतं. मास्तर पलीकडच्याच वर्गात होते. भिंतीतून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

उद्धटपणाचा शेरा गेला नाही. त्याऐवजी डॉक्टरचा दाखला मागवला गेला. ज्याला ऐकू येत नाही तो मुलांना काय शिकवणार, असं शाळेच्या मंडळींनी ठरवलं. सत्र संपताच मास्तरांना मोकळं करण्यात आलं. सगळं सभ्यपणे झालं. निरोपाला हार घातला, भाषणं झाली. मास्तर प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत बसले होते. त्या दिवशी बहुतेक जण मान खाली घालून बोलले. त्यांच्या पदरी किती शब्द पडले असतील कुणास ठाऊक.

समारंभ संपल्यावर व्हरांड्यात आम्ही दोघंच राहिलो. दोर, परात आणि नादकाटा त्यांनी एका पिशवीत भरला होता. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कुणी सांगितलं असेल हो?"

मी मैदानाकडे तोंड फिरवलं आणि म्हणालो, "मला नाही माहीत."

माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता आणि माझा आवाज मी मुद्दामच बारीक ठेवला होता. त्यांनी "काय?" असं विचारलं नाही. पिशवी उचलून गेले.

ते वहिनींच्या भावाकडे सांगलीला गेले. मी कायम झालो, माझं लग्न झालं, स्वातंत्र्य आलं. त्यांना चार पत्रं लिहायला घेतली, एकही टाकलं नाही. पुढे एका नातेवाइकाच्या लग्नाला सांगलीला जाणं झालं तेव्हा मात्र मी पत्ता विचारत त्यांच्याकडे गेलो. मेहुण्याची पिठाची गिरणी होती आणि मास्तर तिचं इंजिन सांभाळत होते. गिरणीच्या धडधडाटात गिऱ्हाइकं एकमेकांच्या कानात ओरडत होती. हे इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. पट्ट्यात कुठे ढिलाई आली तर त्यांना बाकीच्यांच्या आधी कळतं, असं मेहुण्यानं मला सांगितलं. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, हेही सांगितलं.

मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. घरी नेलं. वहिनींनी "लय दिसानं आलासा," म्हणत भाकरी आणि भरली वांगी वाढली. मुलीचं लग्न झालं होतं, ती मिरजेला असते म्हणाल्या. जेवण झाल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पलीकडून नाव येत होती, तिच्यामुळे उठलेलं पाणी पायऱ्यांना लागत होतं. मी त्यांच्यासमोर, दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, हेडमास्तरांना मी सांगितलं होतं."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "हेडमास्तर त्याच दिशी माज्याकडं आलं हुतं. तुमचं नाव घेऊनच बोललं."

"मग मला का विचारलंत?"

ते पाण्याकडे बघत राहिले. त्यांना माझा प्रश्न दिसला नसावा असं वाटून मी पुन्हा विचारणार होतो, तेवढ्यात ते बोलले.

"तुमी सांगितलंसा त्यात लय चूक न्हवती. कवातरी कळणारच हुतं. म्हनलं, तोंडानं म्हनतील, मास्तर, माज्याकडनं झालं. मग दोगं मिळून च्या घिऊ. तुमी तोंड फिरवलंसा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला मान वर करता येईना. "तवापतुर मला कमी ऐकू येत हुतं, गड्या. त्या दिशी मी भैरा झालो."

नाव काठाला लागली, माणसं उतरली. नंतर त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, शाळेच्या कपाटाला नवी काच बसवली का ते विचारलं. मी उत्तरं देत राहिलो. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत ते मला पोचवायला आले. मी खिडकीशी बसलो होतो. मोटार हलली तेव्हा जे त्या दिवशी व्हरांड्यात म्हणायला हवं होतं ते मी म्हणालो, तोंड त्यांच्याकडे करून. पण मोटारीनं धुरळा उडवला आणि त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. मग तोच हात वर करून त्यांनी मला निरोप दिला.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.