सगळ्यात मळकं पान

मामा वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवतात. वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. तीस वर्षं न उलगडलेल्या खुनावरची एक कादंबरी तिसऱ्यांदा खिळखिळी होऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा मी ती अधाशासारखी वाचली. खुनी डॉक्टर निघाला आणि मी चाटच पडले.

“आधी सुगावा तरी द्यायचा,” मी कुरकुरले.

“लेखकावर खापर फोडू नकोस. त्रेचाळिसावं पान बघ.”

“तुम्ही कुठे वाचलीय?”

“सगळ्यात मळकं तेच आहे. शेवट कळला की जो तो तिथेच परत येतो.”

मी पान उघडलं. खून झालेल्या घरी आपण पहिल्यांदाच आलोय म्हणणाऱ्या डॉक्टरने अंधारात दिव्याचं बटण अचूक दाबलं होतं. माझा अंगठा आपसूक शेकडो अंगठ्यांच्या डागावर टेकला होता.