लवकर म्हणजे किती?

“त्यांना नको घेऊस रे. ते चहा मागवायलासुद्धा मीटिंग घेतात.”

पँट्रीच्या दाराशी आमचे मॅनेजर फोनवर हसत हसत सांगत होते. मी तिथेच कप विसळत होते, पण मी असले काय नि नसले काय, लोकांच्या बोलण्यात फरक पडत नाही. नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. आपल्याला काय हवं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नसतं, अशी अढळ श्रद्धा असलेला माणूस आमच्या ऑफिसात एकच आहे आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो.

मी त्यांना काका म्हणते. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी गिऱ्हाइकाला नक्की काय पाहिजे ते विचारून काढायचं, नीट लिहायचं आणि त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं, हे त्यांचं काम. पण काका ते काम ऑफिसात ठेवून घरी जात नाहीत. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात परभणीकडची शेती भावांवर सोडून इकडे त्याच्या राजधानीत आले. काकांचा जन्म नारायणगुड्यातला, त्यामुळे त्यांच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ मुक्कामालाच असतात. ‘लवकर’, ‘सोपं’ आणि ‘छान’ या तीन शब्दांवर मात्र त्यांनी बंदी घातली आहे. मोजता येत नाही ते मागायचं नाही, असा त्यांचा नियम. एकदा काकूंचा फोन आला, संध्याकाळी लवकर या म्हणून. काका अगदी मृदू आवाजात म्हणाले, “हौ, पण लवकर म्हणजे किती? पाहुणे यायच्या आधी, की भाजी आणता येईल इतकं आधी?” पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मलाही ऐकू आला. काका समाधानानं म्हणाले, “म्हणजे भाजी.”

मुलीच्या लग्नात वरपक्षानं सांगितलं, आम्हाला काही नको, फक्त लग्न साधं करा. दुसरा कुणी बाप हात जोडून मोकळा झाला असता. काकांनी व्याह्यांना समोर बसवून विचारलं, साधं म्हणजे गोड पदार्थ किती, घोडा की गाडी, आणि मामांना फेटे बांधायचे की टोप्यांवर भागेल? व्याही आधी हसले, मग चिडले, मग शांत झाले आणि शेवटी म्हणाले, “खरं सांगू का, बँड पाहिजे.” त्या लग्नात कुणीही रुसलं नाही म्हणे. रुसायला कारण म्हणून काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

आमचं सध्याचं गिऱ्हाईक म्हणजे बेगम बाजारातले मिरची-मसाल्याचे एक घाऊक व्यापारी. त्यांना बिलाचं नवं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि एका मॉलमध्ये पाहिला तसा बिल दाखवणारा मोठा पडदा काउंटरवर. “गिऱ्हाइक कू सब दिखना,” शेठजींनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मॅनेजरांनी ते लिहून घेतलं, तारीखही देऊन टाकली. काका मात्र म्हणाले, आधी दुकानात जाऊन बसू. मलाही घेऊन गेले. मी पोत्यावर बसून शिंकत होते, काका शेठजींशी गप्पा मारत होते. मध्येच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बेटा, तू बघ. मी बोलत असतो, मला काही दिसत नसतं. तू बोलत नाहीस, तुला दिसतं.”

शाळेपासून माझं न बोलणं हा माझा दोष होता. शिक्षकांनी, आत्यांनी, मुलाखती घेणाऱ्यांनी, सगळ्यांनीच तो मला समजावून सांगितला होता. तो उपयोगाला येईल असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी बघितलं. शेठजी भाव तोंडानं सांगतच नव्हते. किराणावाला आला की कॅल्क्युलेटरवर आकडा टाकायचे, यंत्र त्याच्याकडे वळवायचे आणि वरून तळहाताचा आडोसा धरायचे. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला वेगळा आकडा, तोही तसाच झाकून. मी काकांच्या कानात सांगितलं. काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता ते तिथेच पेढे वाटतात.

“शेठजी, पडदे पो भाव सबकू दिखा तो?” त्यांनी विचारलं.

शेठजींचा हात कॅल्क्युलेटरवरच थांबला. “दुकान बैठ जाती ना साब! हर एक का भाव अलग रहता. ये तो आप लोगां पूछेइच नहीं!”

“मग पडदा कशाला पाहिजे होता?” हे काकांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, तेव्हा कळलं की वजन कमी भरतं अशी लोकांना शंका येते. म्हणजे दिसायला हवं होतं वजन. भाव नव्हे.

काकांनी मागणी नव्यानं लिहिली, तोवर ऑफिसात तयार झालेलं अर्धं काम बाद झालं आणि दिलेली तारीख पुढे गेली. दुकान वाचलं, याचा हिशेब आमच्याकडे कुठे मांडत नाहीत. तारखेचा मांडतात.

पँट्रीतल्या त्या फोननंतरच्या सोमवारी मॅनेजरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, की पुढच्या कामापासून काका फक्त जुनी कागदपत्रं नीट लावतील आणि गिऱ्हाइकांकडे मी एकटी जाईन. “शी इज क्विक,” ते म्हणाले. मला क्विक म्हणणारं आयुष्यातलं ते पहिलंच माणूस. काका खाली बघत पेनाचं टोपण लावत होते. क्विक म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही, असं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवेना.

आमच्या मीटिंग इंग्रजीत चालतात. मी इंग्रजी वाक्य मनात दोनदा जुळवलं, आणि तोंड उघडलं ते मराठीत.

“सर, एकटी गेले तर मला सगळं दिसेल, पण कुणाला काही विचारता येणार नाही. मला अजून शिकायचंय. काकांना माझ्याबरोबर राहू द्या.”